नागपुरात राहून आयटीतली पहिली नोकरी: सपोर्ट आणि नेटवर्किंगचा रस्ता

वर्धा_रोड (धागाकर्ता)

बी.एस्सी., बी.कॉम., पॉलिटेक्निक किंवा आयटीआयचा कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर) ट्रेड झालेली नागपूर, उमरेड, काटोल, रामटेककडची मुलं व्यनित एकच प्रश्न विचारतात: "कोणता क्लास लावू?" दर वेळी तुटक उत्तर देण्यापेक्षा सगळं एका जागी यावं म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तिथे दुरुस्त करावं.

इंजिनिअरिंगची पदवी नसेल तर आयटीत शिरायला सगळ्यात रुंद दार सपोर्टचं: डेस्कटॉप सपोर्ट, फील्ड इंजिनिअर, सर्व्हिस डेस्क, आणि नेटवर्कवर नजर ठेवणारं नॉक. नागपुरात आयटी म्हटलं की मिहान आणि परसोडीचा आयटी पार्क एवढंच डोळ्यांपुढे येतं. पण धंतोली-रामदासपेठेतली रुग्णालयं, बुटीबोरी आणि हिंगणा एमआयडीसीतले कारखाने, बँका, कॉलेजं, सरकारी कार्यालयं या सगळ्यांकडे पीसी, प्रिंटर, स्विच आहेत आणि ते सांभाळायला माणूस लागतो. ही कामं बऱ्याचदा एफएमएस कंत्राटावर चालतात: पगार कंत्राटदार देतो, बसायचं ग्राहकाच्या कार्यालयात. त्यामुळे जॉब पोर्टलवर मोठ्या कंपनीचं नाव शोधण्यापेक्षा "डेस्कटॉप सपोर्ट नागपूर", "एफएमएस इंजिनिअर", "नेटवर्क इंजिनिअर एल वन" (एल वन म्हणजे सपोर्टची पहिली पातळी) असे शब्द टाकून शोधा.

मुलाखत घेणारा मुख्यतः एकच गोष्ट चाचपतो: बिघाड समोर आला की हा मुलगा अंदाजपंचे हात मारतो की क्रमाने जातो? नेहमीचा प्रश्न घ्या. "एका टेबलावरचं नेट बंद आहे. काय कराल?"

आधी यंत्राला नाही, माणसाला विचारायचं. एकट्याचंच बंद आहे की शेजारच्यांचंही? कधीपासून? मधे काय बदललं, टेबल हलवलं का, वायर ओढली का? पूर्ण मजल्याचं बंद असेल तर त्या पीसीशी झटापट करण्यात अर्थ नाही, स्विचकडे जायचं. एकट्याचं असेल तर लॅन पोर्टवरचा दिवा बघायचा. दिवाच नाही म्हणजे वायर, भिंतीतला पोर्ट किंवा स्विचचा पोर्ट. दिवा आहे, मग "आयपीकॉन्फिग ऑल" ही कमांड. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डीएचसीपीकडून (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणारी सेवा) पत्ता मिळालेलाच नाही, विंडोजने स्वतःच एक घेऊन ठेवला आहे. मग शोध डीएचसीपी सर्व्हरचा, चुकीच्या व्हीलॅनचा (एकाच स्विचवर पाडलेलं वेगळं नेटवर्क) किंवा अर्धवट तुटलेल्या वायरचा. पत्ता ठीक असेल तर गेटवेला (नेटवर्कबाहेर जायचं दार, बहुधा राउटर) पिंग, म्हणजे उत्तर येतं का ते बघायचं. गेटवे बोलतो तर ८.८.८.८ या गूगलच्या बाहेरच्या पत्त्याला पिंग. तेही येतं पण वेबसाइट उघडत नाही, तर एनएसलुकअप. डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) घोळ असण्याची शक्यता मोठी. नावाचा पत्ताही सापडतो आणि तरी ब्राउझर अडतो, तर प्रॉक्सी, फायरवॉल किंवा यंत्राची तारीख. जुन्या डेस्कटॉपमधला सीआर २०३२ सेल संपला की तारीख मागे जाते आणि एकामागून एक साइट "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणू लागते.

एवढं मुलाखतीत न अडखळता, प्रत्येक पायरीचं कारण देऊन सांगता आलं तर पहिली फेरी बऱ्यापैकी हातात आली. आणि हे पाठ करून जमत नाही. घरी मुद्दाम बिघाड करून तो दुरुस्त करावा लागतो. म्हणून क्लास लावायच्या आधी घरची लॅब, म्हणजे सरावापुरतं छोटं नेटवर्क, उभी करा. त्याबद्दल खाली लिहितोच.

केबलवाला

चांगला धागा. एक दुरुस्ती: गेटवे पिंगला उत्तर देत नाही म्हणजे तो बंद पडला असं समजू नये. बऱ्याच ठिकाणी फायरवॉलवर पिंग बंद ठेवतात. पिंग मारल्यावर लगेच "आर्प ए" कमांड द्यायची. गेटवेच्या पत्त्यासमोर मॅक अॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) दिसला तर वायरीवर गाठ पडली आहे, तो फक्त पिंगला गप्प आहे.

आता वायरीबद्दल, कारण फील्डच्या कामात रोजचा संबंध तिचाच. सामान थोडं लागतं: पूर्ण तांब्याची कॅट ६ केबल, कॅट ६ चेच आरजे ४५ कनेक्टर, क्रिम्पिंग टूल, जॅकेट स्ट्रिपर, लॅन टेस्टर. सीताबर्डीत सगळं मिळतं. केबल घेताना "सीसीए" लिहिलेली घेऊ नका. ती अॅल्युमिनियमची तार असते, वर तांब्याचा मुलामा. वाकवली की तुटते, आणि पीओई (नेटवर्कच्या वायरीतूनच वीज घेणारा) कॅमेरा लांब असेल तर व्होल्टेज इतकं पडतं की कॅमेरा रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की रीस्टार्ट होत राहतो. तक्रार येते "कॅमेरा खराब आहे", आणि कॅमेरा बदलूनही तेच होतं.

रंगांचा क्रम टी ५६८ बी: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. कनेक्टरची खिटी खाली आणि तोंड आपल्यापासून दूर धरलं की डावीकडून हाच क्रम दिसला पाहिजे. नवखे हमखास तीन चुका करतात.

एक, जोड्यांचा पीळ फार उलगडतात. १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नाही, नाहीतर एका जोडीचा सिग्नल दुसरीत झिरपतो.

दोन, बाहेरचं जॅकेट कनेक्टरच्या आत पोचत नाही, मग सगळा ताण आठ बारीक तारांवर येतो आणि महिन्याभरात वायर "हलवली की चालते". जॅकेट त्या आडव्या दाबपट्टीच्या खाली गेलंच पाहिजे.

तीन, आणि ही सगळ्यात फसवी. निळी जोडी मधे एकत्र यायच्या ऐवजी रंग शेजारी-शेजारी लावून मोकळे होतात: केशरी जोडी, हिरवी जोडी, निळी जोडी, तपकिरी जोडी. दोन्ही टोकं सारखी असल्यामुळे साध्या टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागतात. पण ३ आणि ६ नंबरच्या तारा एका पिळाच्या राहत नाहीत. लांब वायरीवर स्पीड पडतो, पॅकेट गळतात. टेस्टर हिरवा आहे म्हणून कोणी वायरीवर संशयच घेत नाही.

अजून एक खूण लक्षात ठेवा. १०० एमबीपीएसला १, २, ३, ६ या चारच तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. पीसी आणि स्विच दोन्ही गिगाबिटचे असून लिंक १०० वर अडकली असेल तर ४, ५, ७, ८ पैकी एखादी तार धरलेली नाही, हा पहिला संशय. पूर्ण मार्गाची मर्यादा १०० मीटर, त्यात भिंतीतली वायर ९० आणि दोन्हीकडच्या पॅच कॉर्डला मिळून १०.

उमरेडकर_नवा

वाखू साठवली. भाऊ, एक विचारतो. घरची लॅब म्हणजे किती खर्च करावा लागते? माझ्याकडे ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे. त्याच्यावर जमते का? अन् राउटर, स्विच खरेच विकत घ्या लागतात का?

टर्मिनल_४४०

उमरेडकर, राउटर-स्विच घ्यायची गरज नाही. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर (राउटर-स्विचची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) फुकट आहे, नेटवर्किंग अॅकॅडमीचं खातं उघडलं की डाउनलोड होतं. ८ जीबीवर आरामात चालतं. व्हीलॅन, ट्रंक, इंटर-व्हीलॅन राउटिंग, डीएचसीपी, ओएसपीएफ, अॅक्सेस लिस्ट, नॅट हे सगळं त्यात होतं.

व्हर्च्युअल मशीनसाठी (एका यंत्रात सॉफ्टवेअरने चालवलेलं दुसरं यंत्र) मात्र १६ जीबी रॅम करून घ्या. लॅपटॉपला दुसरा रॅम स्लॉट आहे का, आणि डीडीआर ३ आहे की ४, हे आधी बघा. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथे काही वाढवता येत नाही. जुनं यंत्र विकत घेणार असाल तर इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची घ्या. विंडोज ११ अधिकृतपणे त्याच्या खालच्या पिढ्यांवर चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. हार्डडिस्क असेल तर आधी एसएसडी टाका. हार्डडिस्कवर दोन मशीन एकदम चालवली की सगळंच ठप्प होतं आणि दोष रॅमला मिळतो.

१६ जीबीची वाटणी अशी: विंडोज सर्व्हर ४, विंडोज क्लायंट ४, उबुंटू सर्व्हर २, उरलेली ६ मूळ लॅपटॉपला. विंडोज सर्व्हरची मूल्यमापन प्रत १८० दिवस आणि विंडोज ११ एंटरप्राइझची ९० दिवस मायक्रोसॉफ्ट स्वतः फुकट देतं. क्रॅक केलेल्या आयएसओच्या वाटेला जाऊ नका, त्यात काय दडलेलं असेल ते कळत नाही.

अशी मशीन चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स टाकल्यावर जिथे गाडी अडते त्या जागा:

मशीन सुरूच होत नाही, व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्हीची तक्रार येते. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद असतं. एएमडीच्या बोर्डांवर त्याला एसव्हीएम मोड म्हणतात.

मशीन सुरू होतं पण गोगलगाईसारखं चालतं. खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतंय का बघा. दिसलं तर विंडोजचं स्वतःचं व्हर्च्युअलायझेशन, हायपर-व्ही, मधे बसलंय. विंडोज फीचर्समधून हायपर-व्ही आणि व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म बंद करा, कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटीही तपासा, मग रीस्टार्ट. लॅबपुरतं ठीक आहे, पण मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोय आहे, काम झालं की परत चालू करा.

दोन मशीन एकमेकांना पिंग करत नाहीत. व्हर्च्युअलबॉक्स मुळात "नॅट" देतो, त्यात प्रत्येक मशीन आपापल्या खोलीत बंद असतं. दोघांना "नॅट नेटवर्क" किंवा "इंटर्नल नेटवर्क"वर टाका. आणि विंडोजचा फायरवॉल मुळात पिंग अडवतो, हे विसरून दोन दिवस घालवणारे पुष्कळ असतात.

वर्धा_रोड

टर्मिनल, धन्यवाद. याच लॅबवर अॅक्टिव्ह डिरेक्टरी (सगळे यूजर आणि पीसी एका डोमेनमध्ये, एका जागेवरून सांभाळणारी विंडोजची व्यवस्था) उभी करा, कारण कार्यालयातले सगळे पीसी बहुतेक वेळा डोमेनवर असतात. क्रम मोडू नका. आधी सर्व्हरचं नाव बदला, मग स्थिर आयपी द्या, मग रोल टाका आणि डोमेन कंट्रोलर (डोमेन चालवणारा सर्व्हर) बनवा. नाव नंतर बदलायला गेलात तर दुप्पट काम.

क्लायंट डोमेनला जोडताना तीन ठिकाणी अडकाल. क्लायंटच्या डीएनएसमध्ये ८.८.८.८ किंवा राउटरचा पत्ता असेल तर "डोमेन कंट्रोलरशी संपर्क होत नाही" असा संदेश येतो. तिथे डोमेन कंट्रोलरचाच आयपी हवा, कारण डोमेन कुठे आहे हे फक्त त्याच्या डीएनएसला ठाऊक असतं. दुसरं, विंडोजची होम आवृत्ती डोमेनला जोडताच येत नाही, प्रो किंवा वरची लागते. तिसरं, घड्याळ. दोघांच्या वेळेत ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की केर्बेरॉस (डोमेनची लॉगिन तपासणी) लॉगिन नाकारतं. व्हर्च्युअल मशीन पॉज करून दुसऱ्या दिवशी उघडलं की हा फरक पडतोच.

जोडून झालं की दहा यूजर, तीन ओयू (यूजर-पीसी ठेवायचे कप्पे), दोन ग्रुप करा. ग्रुप पॉलिसीने एका ओयूला यूएसबी बंद करा, एकाला नेटवर्क ड्राइव्ह लावा. मग शेअर (नेटवर्कवरून येणाऱ्यांसाठी) आणि एनटीएफएस (डिस्कवरच्या फायलींच्या) परवानग्या वेगवेगळ्या ठेवून बघा: नेटवर्कवरून आलं की दोघांतली कडक असेल ती लागू होते. हा प्रश्न मुलाखतीत ठरलेला. प्रत्येक प्रयोगाच्या आधी स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जपलेली स्थिती), आणि वहीत तीन ओळी: काय मोडलं, काय दिसलं, कशाने सुटलं. मुलाखतीला जाताना ती वही सोबत असू द्या.

मृण्मयी_ना

लॅबवर भर दिला ते बरं केलं. पण पहिल्या सहा महिन्यांत अॅक्टिव्ह डिरेक्टरीपेक्षा प्रिंटर जास्त छळतो, म्हणून त्यावर लिहिते.

प्रिंट रांगेत अडकली आणि डिलीटही होत नाही: सर्व्हिसेसमधून प्रिंट स्पूलर थांबवा, विंडोज, सिस्टम ३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फायली काढा (फोल्डर नाही, फायलीच), स्पूलर सुरू करा. पूर्ण विभागाची प्रिंट बंद आणि प्रिंटर मात्र "रेडी" दाखवतो: प्रिंटरचा आयपी बदलला असणार. वीज जाऊन आली, डीएचसीपीने दुसरा पत्ता दिला, पीसीवरचे पोर्ट जुन्याच पत्त्यावर. नवीन पत्ता सगळ्या पीसींवर भरत बसू नका, डीएचसीपीमध्ये प्रिंटरच्या मॅकला रिझर्व्हेशन (राखीव पत्ता) द्या, म्हणजे पुन्हा होत नाही.

रुग्णालयात काम लागलं तर डिस्कव्हरी (प्रिंटर आपोआप शोधणं) टाळून थेट आयपीने प्रिंटर जोडायची सवय ठेवा, आणि एक्स-रे, सीटीच्या यंत्रांना विचारल्याशिवाय हात लावू नका. त्यांचे आयपी, पोर्ट आणि एई टायटल (यंत्राचं नेटवर्कवरचं नाव) प्रतिमा साठवणाऱ्या पॅक्स सर्व्हरवर नोंदलेले असतात. एक अक्षर बदललं तरी प्रतिमा जायच्या थांबतात, आणि तिकडे डॉक्टर रुग्ण घेऊन थांबलेले असतात.

बिटलॉकरबद्दल (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) हात जोडून सांगते. बायोस अपडेट करण्याआधी किंवा मदरबोर्ड बदलण्याआधी बिटलॉकर सस्पेंड करा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कुठे साठवली आहे ते स्वतः डोळ्यांनी बघा. नवीन लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असू शकतं, वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. की नसेल तर डेटा गेला. कोणीही परत आणू शकत नाही.

आणि तिकीट (तक्रारीची नोंद) लिहायला शिका. "पीसी चालत नव्हता, ठीक केला" हे तिकीट नाही. कोणाचा पीसी, अॅसेट नंबर, नेमका एरर जसाच्या तसा, कधीपासून, किती जणांना, काय काय करून बघितलं, शेवटी कशाने सुटलं. इंग्रजी कच्चं असेल तरी चालतं, छोटी वाक्यं लिहा. रोज एक काल्पनिक तिकीट इंग्रजीत लिहायचा सराव महिनाभर केला तरी फरक दिसतो.

कोडवाडा

मी थोडा विरोधी सूर लावतो. सपोर्टचं दार रुंद आहे हे खरं, पण तिथेच पाच वर्षं अडकलेली मुलंही नागपुरात पुष्कळ. ज्याला गणित, तर्क आवडतं त्याने सुरुवातीपासून प्रोग्रामिंग धरावं. एक भाषा (पायथन किंवा जावा), एसक्यूएल आणि गिट (कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन), एवढ्यावर सहा महिने. पंधरा तंत्रज्ञानांची नावं रेझ्युमेवर टाकू नये, त्यातल्या प्रत्येकावर प्रश्न येतो.

एसक्यूएलमध्ये जॉइन सगळ्यांना पाठ असतात, घसरतात ते नलवर (किंमत माहीत नसलेली रिकामी जागा). "नॉट इन"च्या आतल्या यादीत एक जरी नल आला तरी उत्तरात एकही ओळ येत नाही, कारण नलशी केलेली तुलना खरीही नसते आणि खोटीही नसते. तिथे "नॉट एक्झिस्ट्स" वापरावं. आणि गिटवर प्रोजेक्ट टाकताना पासवर्ड किंवा एपीआय की चुकून गेली तर फाइल डिलीट करून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये ती राहतेच. की रद्द करून नवीन काढायची, तीही तत्काळ. सार्वजनिक रेपो धुंडाळणारे बॉट ताटकळत बसलेले असतात.

टर्मिनल_४४०

कोडवाडा, अडकण्याचा मुद्दा पटतो. त्यावर उपाय सपोर्टच्या आतच आहे: लिनक्स आणि स्क्रिप्टिंग. रोज हाताने करायचं एक काम निवडून त्याची पॉवरशेल किंवा बॅश स्क्रिप्ट लिहायची. पन्नास यूजर सीएसव्हीमधून बनवणं, डिस्क ८५ टक्क्यांवर गेली की मेल पाठवणं, असली साधी कामं. एल वनमधून सर्व्हर किंवा क्लाउडकडे याच वाटेने जाता येतं.

लिनक्सचे तीन बिघाड घरी घडवून बघा. पहिला, एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणारी फाइल) चुकीची ओळ टाकून रीबूट करा, मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जाईल. बाहेर कसं यायचं ते शिका, आणि पुढे प्रत्येक वेळी रीबूटच्या आधी "माउंट ए" मारायची सवय लावा. दुसरा, डिस्क भरलेली, मोठी लॉग फाइल डिलीट केली, तरी "डीएफ" ही कमांड जागा रिकामी दाखवत नाही. एखाद्या प्रोसेसने फाइल उघडी धरून ठेवलेली असते, "एलएसओएफ"ने ती सापडते, सर्व्हिस रीस्टार्ट केली की जागा सुटते. तिसरा, जागा आहे तरी "नो स्पेस लेफ्ट". आयनोड (दर फाइलमागे लागणारी नोंद) संपलेत, "डीएफ आय" बघा, कुठेतरी लाखो बारीक फायली साचल्या असतील.

क्लाउडचा सराव करणार असाल तर खातं उघडल्या-उघडल्या रूट यूजरला एमएफए (पासवर्डशिवाय दुसरी तपासणी) आणि बजेटचा अलर्ट लावा. एडब्ल्यूएसवर (अॅमेझॉनचं क्लाउड) इन्स्टन्स (भाड्याचं व्हर्च्युअल मशीन) थांबवला तरी त्याच्या डिस्कचे पैसे चालूच असतात, आणि फेब्रुवारी २०२४ पासून सार्वजनिक आयपीव्ही ४ पत्त्यालाही तासावर आकार आहे. सराव झाला की इन्स्टन्स नुसता थांबवू नका, मिटवा.

उमरेडकर_नवा

मस्तच माहिती सांगून राहिले सगळे. अन् सर्टिफिकेट? एका क्लासवाल्याने सहा सर्टिफिकेटं एकदम सांगितले. दुसऱ्या एका कन्सल्टन्सीवाल्याने फोन केला, म्हणे पैसे भरा, अनुभवाचं पत्र अन् नोकरी दोन्ही देतो. काय करावं?

वर्धा_रोड

आधी दुसऱ्याचं. त्या फोनला नाही म्हणा, आजच. नोकरी देणारी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. सिक्युरिटी डिपॉझिट, लॅपटॉपची रक्कम, ट्रेनिंग फी, नावं वेगळी, प्रकार एकच. अनुभवाचं खोटं पत्र तर भविष्यालाच सुरुंग आहे. पार्श्वभूमी तपासणीत यूएएनवरची (पीएफचा कायमचा क्रमांक) सेवा नोंद मागतात. जिथे दोन वर्षं काम केलं म्हणता तिथला पीएफ नाही, पगाराची बँक नोंद नाही, की पकडलात. मग नोकरीवरून काढतात ते त्या शेऱ्यासह. मूळ मार्कशीट कोणाकडेही जमा करू नका, डिजिलॉकरमधली प्रत दाखवा. ऑफर लेटर साध्या जीमेलवरून आलं तर कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या नंबरवर फोन करून खात्री करा. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तत्काळ तक्रार, उशीर झाला तर रक्कम पुढे सरकून जाते.

सर्टिफिकेट एकच निवडा आणि खरोखर उत्तीर्ण व्हा. नेटवर्क आवडत असेल तर सिस्कोचं सीसीएनए: एकच पेपर, २००-३०१, १२० मिनिटं, फी ३०० डॉलर अधिक कर, मुदत तीन वर्षं. फी मोठी आहे, म्हणून पॅकेट ट्रेसरमध्ये हात बसेपर्यंत तारीख घेऊ नका. कॉम्पटिया ए प्लसचे पेपर दोन आहेत, दोन्हींचा खर्च धरावा लागतो. नवख्याला इथल्या सपोर्टच्या नोकरीसाठी त्याचा अभ्यासक्रम फुकटात शिकून घेतला तरी पुरे, परीक्षेची घाई नको. लिनक्सकडे जाणाऱ्यांना रेड हॅटचं आरएचसीएसए चांगलं. ती पूर्ण हाताने काम करून द्यायची परीक्षा आहे, ३०० पैकी २१० लागतात, आणि मशीन रीबूट झाल्यावर केलेलं काम टिकलं नाही तर गुण मिळत नाहीत. डंप (परीक्षेतले फुटलेले प्रश्न-उत्तरं) पाठ करून पास झालेला मुलगा मुलाखतीत दुसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो.

डिप्लोमा किंवा पदवी नुकती झाली असेल तर नॅट्स या केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करून वर्षभराची अप्रेंटिसशिपही बघा. स्टायपेंड मिळतो आणि अनुभव खरा असतो. आयटीआयवाल्यांसाठी वेगळं अप्रेंटिसशिप पोर्टल आहे.

केबलवाला

नागपूरचा उन्हाळा राहिलाच. मे महिन्यात बाहेर ४५ च्या वर जातं तेव्हा अर्ध्या तक्रारी उष्णतेच्या असतात. "दुपारी पीसी स्लो होतो, सकाळी ठीक" म्हटलं की आधी प्रोसेसरचं तापमान बघा. हीटसिंकमध्ये धूळ आणि पंख्यामागे कापसासारखा थर असतो. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, वाऱ्याने भन्नाट फिरू दिला की बेअरिंग जाते. थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी, जास्त नको.

डेझर्ट कूलरच्या थेट झोतात पीसी किंवा स्विच असेल तर जागा बदलायला सांगा. ओलसर हवा आणि धूळ मिळून बोर्डावर चिकट थर बसतो, पोर्टांचे पाय हिरवे पडतात. पावसाळ्याच्या तोंडाला ही यंत्रं एकेक करून बसतात.

यूपीएसच्या लेड-अॅसिड बॅटरीला २५ अंशांच्या आसपास ठेवायचं असतं. त्याच्या वर साधारण ८ ते १० अंश वाढले की आयुष्य निम्म्यावर येतं. एसी नसलेल्या खोलीत तीन वर्षांची बॅटरी दीड वर्षात गेली तर कंपनीशी भांडू नका. मल्टिमीटर बॅगेत ठेवा. न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजा, २-३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. अर्थिंग कच्चं असलं की स्विचचे पोर्ट आणि प्रिंटरचे बोर्ड वारंवार उडतात आणि माल निकृष्ट असल्याचा ठपका बसतो.

मृण्मयी_ना

नॉकच्या नोकरीबद्दल एक व्यावहारिक सूचना. पाळ्या चोवीस तास फिरत्या असतात. मिहानकडे दिवसा खापरीपर्यंत मेट्रो आहे, रात्रपाळीला नसते. मुलींनी आणि त्यांच्या घरच्यांनीही मुलाखतीतच विचारावं: रात्रीची कॅब दारापर्यंत आहे का, पाळी किती दिवसांनी बदलते, आठवड्याची सुट्टी सलग मिळते का. विचारल्याने कोणी नाकारत नाही, आणि नाकारलंच तर ती जागा आपली नव्हे.

उमरेडकर_नवा

ताई, दादा, आभारी आहे. पॅकेट ट्रेसर टाकलं. सबनेटिंगपाशीच (नेटवर्कचे लहान तुकडे पाडणं) गाडी अडली. १९२.१६८.१०.७७ आणि स्लॅश २६, याचं नेटवर्क कोणतं हे कसं काढायचं? क्लासच्या नोट्समध्ये बायनरीची अख्खी दोन पानं आहेत.

टर्मिनल_४४०

बायनरी एकदा समजून घ्या, पण उत्तर काढायला ब्लॉकची रीत वापरा. स्लॅश २६ चा मास्क २५५.२५५.२५५.१९२. शेवटचा आकडा २५६ मधून वजा करा: २५६ वजा १९२ म्हणजे ६४. म्हणजे नेटवर्क ६४-६४ च्या उडीने पडतात: ०, ६४, १२८, १९२. ७७ हा ६४ आणि १२८ च्या मधे, म्हणून नेटवर्क १९२.१६८.१०.६४. पुढच्या नेटवर्कच्या एक आधी ब्रॉडकास्ट (त्या नेटवर्कमधल्या सगळ्यांना एकदम निरोप द्यायचा पत्ता), म्हणजे १२७. मधले ६५ ते १२६ यंत्रांना द्यायचे, एकूण ६२.

आता हे स्वतः करा आणि इथे उत्तर टाका: १७२.१६.५.२०० स्लॅश २८. नेटवर्क, ब्रॉडकास्ट, आणि गेटवेला पहिला वापरता येणारा पत्ता द्यायचा असेल तर कोणता?

उमरेडकर_नवा

मास्क २४०. २५६ वजा २४० म्हणजे १६ ची उडी. १९२, मग २०८. नेटवर्क १७२.१६.५.१९२, ब्रॉडकास्ट २०७, गेटवे १९३. बरोबर आहे का?

टर्मिनल_४४०

बरोबर. आता पॅकेट ट्रेसरमध्ये तेच नेटवर्क लावा, एका पीसीला मुद्दाम २०९ द्या, आणि गेटवेला पिंग का जात नाही ते तीन ओळींत लिहा.